पाटी असलेली आणि पाटी नसलेली ‘एस्टॅब्लिशमेंट’

आमच्या गावी जिल्हा परिषदेसमोर एक चहाची टपरी आहे. तिथे रोज अकराच्या सुमाराला एक वरिष्ठ सहायक येतात. वय पन्नाशीच्या पुढं. टपरीवर सगळेच त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्याकडं आस्थापनेचं टेबल आहे. एके दिवशी पेपर माझ्यापुढं सरकवून त्यांनी एका मथळ्यावर बोट ठेवलं. पाकिस्तानात आस्थापनेच्या मर्जीशिवाय सरकार टिकत नाही, असा काहीतरी तो मथळा होता.

‘‘सर, आमच्या आस्थापनेच्या मर्जीनं साधा पंखा दुरुस्त होईना, अन् तिकडं सरकारं पडायलेत. ही काय भानगड हाय?’’

टपरी हसली. मला मात्र जरा ओशाळल्यासारखं झालं. बरीच वर्षं मी बातम्यांच्या भाषांतराचं काम केलंय, आणि इंग्रजी तारेतल्या ‘एस्टॅब्लिशमेंट’ला डोळे झाकून ‘आस्थापना’ करायचं पाप मीही केलंय. शब्दकोशात तोच अर्थ पहिला दिलेला असतो. रात्री अकरा वाजता पान सोडायचं असतं, तेव्हा दुसरा अर्थ बघत बसायला वेळ कुणाला?

तर मामांच्या प्रश्नाचं हे जरा सविस्तर उत्तर.

उभं राहणारं इंग्रजी, बसणारी मराठी

एस्टॅब्लिशमेंट हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘स्टाबिलिस’ म्हणजे घट्ट, न हलणारं. त्याच्या मुळाशी ‘उभं राहणं’ असा अर्थाचा धातू आहे. संस्कृतातला ‘स्था’ हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच मुळातून दोघंही निघाले. त्यामुळं एस्टॅब्लिशमेंटला आस्थापना म्हणणारा भाषांतरकार भाऊबंदकीच्या हिशेबानं चुकलेला नाही. चूक पुढं होते.

‘स्था’चं खानदान मराठीत केवढं आहे बघा. संस्था त्यातलीच, संस्थान त्यातलंच, व्यवस्थाही. ठाण मांडणारा आणि पोलीस ठाणं हेही त्याच घरचे. प्रस्थापित आणि विस्थापित हे तर एकाच घरातले दोन भाऊ, एकाच्या वाट्याला वाडा आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला पत्र्याचं शेड.

गंमत अशी की घट्ट होण्यासाठी लॅटिन माणूस उभा राहतो, आपण बसतो. तुळजापूरला आणि घराघरात नवरात्रात घटस्थापना होते, पण बोलताना आपण ‘घट बसले’ म्हणतो. माणसाचा जम बसतो, बस्तान बसतं. फक्त धंदा बसला की दिवाळं. हा अपवाद परक्याला समजावून सांगणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

तर मूळ अर्थ एवढाच: काहीतरी नीट बसवणं, आणि जे बसलं ते. कोर्टात वकील ‘गुन्हा एस्टॅब्लिश होत नाही’ म्हणतो, तेव्हाही तेच. आरोपाला पाय नाहीत, तो उभा राहत नाही.

जिला पाटी लावता येते ती

ओळखायची सोपी खूण सांगतो. जिच्या दारावर पाटी लावता येते, ती साधी एस्टॅब्लिशमेंट. तिला बिनधास्त आस्थापना म्हणा.

दुकान काढणाऱ्याला ‘शॉप ॲक्ट काढलं का?’ असं विचारतात. तो कायदा म्हणजे महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा. १९४८ चा जुना मुंबईचा कायदा जाऊन २०१७ चा नवा आला. त्याच्या लेखी किराणा दुकान, हॉटेल, डॉक्टरचा दवाखाना, सिनेमा थिएटर या सगळ्या आस्थापनाच. नवा कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून सोडलं, फक्त सूचना द्या म्हणून सांगितलं. पण २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि कामगार कितीही असोत, पाटी मराठीत देवनागरीत पाहिजे, तीही दुसऱ्या लिपीपेक्षा बारीक अक्षरात नको, असं ठरलं. म्हणजे माझ्या पाटीच्या खुणेला थोडाफार कायद्याचाही आधार आहे.

मामांचं टेबल हा याच अर्थाचा दुसरा पदर. इथं आस्थापना म्हणजे कचेरीत कामाला असलेली माणसं. मंजूर पदं किती, भरलेली किती, सेवापुस्तकात नोंद झाली का, वेतनवाढ कधी, बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या तक्त्यात, कोणता बिंदू रिकामा, बदली कुठं, अनुकंपावर कोणाचा नंबर. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ‘आस्थापना खर्च’ असतो तोही हाच, म्हणजे मुख्यतः पगारपाणी. तो वाढला की गटारीला पैसा उरत नाही, एवढं नगरसेवकालाही कळतं.

‘आस्थापनेवर असणं’ आणि नसणं यात किती अंतर असतं, हे समजून घ्यायचं तर पैठणला जावं लागेल. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. अशा कामांवर माणसं लागायची ती ‘वर्कचार्ज’वर. सरकारी मराठीत त्याला कार्यव्ययी आस्थापना म्हणतात. या माणसाचा पगार कचेरीच्या नव्हे, कामाच्या खर्चातून. काम संपलं की माणूसही संपला. पुढं या कामगारांबद्दलच्या कालेलकर निवाड्यानं १९६७ मध्ये पाच वर्षं सेवा झालेल्यांना वर घेण्याची वाट केली. त्या वरच्या पायरीचं नाव ऐका: रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना. एकाच ओळीत नियमितही आणि अस्थायीही! ज्या शब्दाचा जन्मच ‘स्थिर’मधून झाला, त्याच्याआधी ‘अस्थायी’ लावायला सरकारी लेखणीच पाहिजे. लोकांनी त्याच्या इंग्रजी नावाचं ‘सीआरटी’ केलं आणि ‘सीआरटीत आलो’ म्हणत पेढे वाटले.

त्याच धरणाच्या पाण्याखाली गोदाकाठची गावंच्या गावं गेली. ती माणसं विस्थापित झाली, बोलीत धरणग्रस्त. एका भिंतीच्या अलीकडं आस्थापना आणि पलीकडं विस्थापन. धातू एकच.

बाकी पाटीवाले अर्थ भराभर उरकतो. आपल्या शेजारी अहिल्यानगरला लष्करी वाहनांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, तिच्या इंग्रजी नावात एस्टॅब्लिशमेंट आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या शेवटी तिबेटी जवानांचं एक गुप्त दल उभं केलं, त्याला ‘एस्टॅब्लिशमेंट २२’ म्हणायचे. नाव असं बेचव, की ऐकणाऱ्याला एखादं गोदाम वाटावं.

पाटी नसलेलीचा जन्म

आता मथळ्यातली. हिची वाट चर्चमधून जाते.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं १५३४ मध्ये पोपशी काडीमोड घेतला आणि राजाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. अशा कायद्यानं बसवलेल्या, राज्याशी गाठ मारलेल्या चर्चला ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणू लागले. आजही त्या चर्चचे २६ बिशप लॉर्ड्सच्या सभागृहात बसतात. उलट अमेरिकेनं १७९१ मध्ये घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत लिहून टाकलं की काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कोणत्याही धर्माच्या ‘एस्टॅब्लिशमेंट’बद्दल कायदा करणार नाही. इथं त्या शब्दाचा अर्थ धर्माला राजाश्रय देणं असा आहे. अमेरिकन कोर्टाच्या बातमीत ‘धर्माची स्थापना’ असं वाचलं तर बुचकळ्यात पडू नका, नवा पंथ काढण्याचा तो प्रकार नव्हे.

राज्य आणि त्याच्याशी चिकटलेली प्रतिष्ठा, हा वास शब्दाला इथून लागला. पण आजचा अर्थ रूढ केला तो हेन्री फेअरली या पत्रकारानं, सप्टेंबर १९५५ मध्ये, ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकातल्या स्तंभात. त्याच्याआधी इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी तो तशा अर्थानं वापरला होता, पण बोलबाला झाला फेअरलीचा.

प्रसंग हेरगिरीचा होता. गाय बर्जेस आणि डोनाल्ड मॅक्लीन हे ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले दोन अधिकारी, दोघंही केंब्रिजचे, मे १९५१ मध्ये नाहीसे झाले आणि सोव्हिएत रशियाचे हेर निघाले. फेअरलीला खटकलं ते पुढचं. मॅक्लीनच्या घरच्यांना वर्तमानपत्रांचा ससेमिरा लागू नये म्हणून मोठमोठी माणसं मध्ये पडत होती. त्यांना तसा हुकूम कुणी दिलेला नव्हता. ‘आपल्यातलं घर’ म्हणून आपोआपच ते घडत होतं.

फेअरलीचं म्हणणं थोडक्यात असं: सत्तेच्या अधिकृत खुर्च्या हा एस्टॅब्लिशमेंटचा भाग आहेच, पण तेवढंच नव्हे, ज्या सरकारी आणि सामाजिक संबंधांच्या जाळ्यातून सत्ता चालते ते अख्खं जाळं म्हणजे एस्टॅब्लिशमेंट. त्यानं दिलेल्या नावांत पंतप्रधान होते, बीबीसीचे प्रमुख होते, आणि लेडी व्हायोलेट बॉनहॅम कार्टरही होत्या. या बाईंकडं कोणतंही मंत्रिपद नव्हतं. त्या माजी पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्या कन्या, आणि त्यांच्या ओळखी सगळीकडं.

सोफ्यावर कोण बसलंय?

लंडन लांब पडतं. त्यापेक्षा आपल्याकडच्या मोठ्या लग्नाला चला.

मंगल कार्यालयात पुढं पांढऱ्या अभ्र्याचे सोफे, मागं प्लास्टिकच्या खुर्च्या. अक्षता पडायला अजून अवकाश आहे आणि माईकवाला मान्यवरांची नावं पुकारतोय. साखर कारखान्याचे चेअरमन. जिल्हा बँकेचे संचालक. बाजार समितीचे सभापती. शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. विद्यमान आमदार आणि त्यांनी पाडलेले माजी आमदार, दोघं एकाच सोफ्यावर, एकाच ताटलीतली बडीशेप खात. आणि या सगळ्यांच्या आधी पहिला फेटा बांधला जातो एका तात्यांना. तात्या कशाचेच काही नाहीत. तीस वर्षांपूर्वी होते, आता नाहीत. पण कोणाची सोयरीक कुठं, कोणाचं कर्ज कुठं अडलंय, कोणाच्या पोराला कुठल्या संस्थेत चिकटवायचंय, हे तात्यांच्या एका फोनवर ठरतं.

त्या सोफ्यावरचं प्रत्येक पद वेगवेगळं धरलं तर आस्थापना आहे. कारखान्याला पाटी आहे, बँकेला आहे. पण सोफ्याला पाटी नाही. हा जो सोफा, तीच फेअरलीची एस्टॅब्लिशमेंट. तात्या म्हणजे आपल्याकडच्या लेडी व्हायोलेट समजा.

लंडनमध्ये मात्र एकानं पाटी लावून दाखवली. पीटर कुक या विनोदवीरानं १९६१ मध्ये सोहो भागात राजकारण्यांची टिंगल करणारा एक क्लब काढला आणि नावच ठेवलं ‘द एस्टॅब्लिशमेंट’. धंद्याची जागा म्हणूनही एस्टॅब्लिशमेंट, आणि टिंगल जिची करायची तीही एस्टॅब्लिशमेंट. हा विनोद मराठीत आणता येत नाही, याचं मला भाषांतरकार म्हणून आजही वाईट वाटतं.

मराठीतच घोटाळा का होतो?

कारण इंग्रजी वाचकाला दोन खुणा मिळतात, आपल्याला एकही मिळत नाही. सोफावाली एस्टॅब्लिशमेंट इंग्रजीत बहुधा मोठ्या अक्षरानं सुरू होते आणि तिच्या पुढं ‘द’ असतो. किराणा दुकान लहान अक्षरात राहतं, त्याला ‘ॲन’ लागतो आणि त्याचं अनेकवचनही होतं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही आणि मराठीत ‘द’ नाही. शब्द सीमा ओलांडताना दोन्ही कागदपत्रं नाक्यावरच काढून घेतली जातात.

मग वाचकानं क्रियापद बघावं. आस्थापना सुरू होते, बंद पडते, तिची तपासणी होते, तिला दंड होतो. एस्टॅब्लिशमेंट नाराज होते, पाठीशी उभी राहते, कुणाला आणते आणि कुणाला घालवते. जिचा मूड बिघडतो, ती दुकान नव्हे.

पाकिस्तानातली वेगळी आहे का?

आहे. तिथं सोफ्यावर मुख्यतः गणवेश आहे. १९५८, १९७७ आणि १९९९ मध्ये पाकिस्तानी लष्करानं उघड सत्ता घेतली. अधल्यामधल्या काळात निवडून आलेली सरकारं होती, पण आजवर तिथल्या एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत पुरी करता आलेली नाही. सरकारं कोण पाडतं हे सगळ्यांना ठाऊक, पण लष्कराचं आणि त्याच्या गुप्तचर यंत्रणेचं नाव छापणं जोखमीचं. तिथं हा इंग्रजी शब्द कामाला आला. लष्कर म्हणायचं नाही, एस्टॅब्लिशमेंट म्हणायचं. नवऱ्याचं नाव न घेता ‘हे’ म्हणण्यासारखं. ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतं कोण ते.

उर्दूत ‘मुक्तदरा’ असा शब्दही चालतो, इक्तिदार म्हणजे सत्ता, त्यावरून. २०१८ च्या निवडणुकीच्या वेळी नवाझ शरीफ त्यांना ‘खलाई मख्लूक’ म्हणाले, म्हणजे अंतराळातले जीव. आपल्या मराठवाड्यात अजून उर्दूचा कान असलेली म्हातारी माणसं आहेत, त्यांना यातली खोच पटकन कळेल.

म्हणून तो मथळा मराठीत ‘लष्कराच्या मर्जीशिवाय’ असा करावा. टोपणनावातली गंमत ठेवायचीच असेल तर ‘एस्टॅब्लिशमेंट’ देवनागरीत तसंच ठेवावं. आस्थापना मात्र नको. मामांचा पंखा मध्ये येतो.

‘मग सरळ सरकार म्हणा की!’

ही पहिली हरकत हमखास येते. पण सरकार आणि सोफा एक नव्हेत, हे मराठवाड्याइतकं कुणी बघितलं असेल? औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, मोर्चे निघाले. ठराव करणारी सत्ता मुंबईत होती आणि ती कागदावर पुरी होती. पाटी बदलू न देणारी सत्ता गावोगावी होती, आणि तिला स्वतःची पाटी नव्हती.

त्या आधीपासून, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, याच शहरातून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक निघू लागलं आणि दलित साहित्याच्या चर्चेत ‘प्रस्थापित’ हा शब्द धारदार झाला. प्रस्थापित साहित्य, प्रस्थापित समीक्षा. माझ्या मते एस्टॅब्लिशमेंटला मराठीतला सगळ्यात जवळचा शब्द हाच: प्रस्थापित वर्ग, किंवा नुसतंच प्रस्थापित. तो कोशात बसून घडलेला नाही, वापरून घडला आहे.

दुसरी हरकत: हेच का ते ‘डीप स्टेट’? नाही. तो शब्द तुर्कस्तानातून आला आणि त्यात गुप्त कट गृहीत धरलेला असतो. सोफ्यावरची माणसं लपत नाहीत, उलट फोटोत पुढं येतात. आणि ‘अँटी-इन्कम्बन्सी’ तर निव्वळ खुर्चीवर असलेल्याबद्दलचा कंटाळा. ती पाच वर्षांत माजी आमदाराला आजी करते. दोघं बडीशेप त्याच ताटलीतली खातात.

तिसरी हरकत जरा अवघड. लोकांनीच निवडून दिलेल्यांना ‘प्रस्थापित’ म्हणून हिणवायचं कशासाठी? यात तथ्य आहे. शब्द आता शिवीसारखा झालाय आणि सोफ्यावर जागा न मिळालेला प्रत्येक जण तो वापरतो. मिळाली की विसरतो. ज्यांचे आजोबा चेअरमन, वडील आमदार, तेही भाषणात ‘मी प्रस्थापितांविरुद्ध लढतोय’ म्हणतात आणि टाळ्याही पडतात. शिवाय सोफ्यावरचा माणूस वाईटच असतो असं नाही. कितीतरी गावांत पहिली शाळा आणि पहिलं वसतिगृह त्यांनीच आणलं. शब्द त्यांच्या चांगल्या-वाईटाबद्दल काही सांगत नाही. ते एकमेकांना धरून आहेत, एवढंच सांगतो.

बोलीत आधीच होतं

खरं तर खेड्यात हे सगळं एका शब्दात सांगतात: प्रस्थ. ‘त्याचं लई प्रस्थ हाय.’ हेही ‘स्था’चंच लेकरू. पद कोणतं, विचारू नका. प्रस्थाला पद लागत नाही. माजतं तेही प्रस्थच.

आणि शिरस्ता. कचेरीतला शिरस्तेदार आपल्याला माहीत असतो. मूळ फारसी शब्द दफ्तराचा, कारभाराचा. मराठीत आला आणि ‘शिरस्ता’ म्हणजे रीत, वहिवाट असा अर्थ झाला. कचेरी जे रोज करते त्यालाच लोक रीत म्हणायला लागले. निजामाच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या मुलखाला हे शिकवायला फेअरलीची गरज नव्हती.

एवढं सगळं मी मामांना दोन चहांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, ‘‘म्हंजी आपण साधे आस्थापनावाले. सोफ्याचा अन् आपला संबंध न्हाई.’’

पुढच्याच आठवड्यात तालुक्याला एका लग्नात ते भेटले. मी मागं, प्लास्टिकच्या खुर्चीत. मामाही माझ्याच रांगेत येऊन बसले होते. माईकवाल्यानं त्यांचं नाव पुकारलं, दोन पोरं आली, हाताला धरून त्यांना पुढं घेऊन गेली आणि तात्यांच्या शेजारी बसवलं. फेटा बांधून घेताना त्यांची-माझी नजरानजर झाली, तशी त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

मे महिना होता. जिल्हा परिषदेच्या बदल्यांच्या याद्या अजून लागायच्या होत्या.